पिवळं दिसतं का?

“तुमच्या मागं कोण बसलंय, मॅडम?”

मुक्ताबाईंनी हे विचारलं तेव्हा यशोधराची बोटं त्यांच्या मनगटावर होती आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. नाडी मोजताना कुणी बोललं की मोजणी विस्कटते, म्हणून तिनं नुसतं ‘हं’ केलं. मुक्ताबाईंची नाडी इथं आल्यापासून आडव्यातिडव्या उड्या मारत चालायची. त्यांच्या दुखण्याचा तो स्वभावच होता. आज मात्र ती संथ आणि सरळ लागत होती. इतकी सरळ, की बरं वाटण्याऐवजी यशोधराला ते खटकलं. बोटं तशीच ठेवून तिनं मागं वळून पाहिलं. मागं एक लोखंडी स्टूल होतं, रिकामं. त्यामागं पत्र्याचं कपाट, कपाटाशेजारी खिडकी, आणि खिडकीबाहेर माघातलं कोरडं, स्वच्छ ऊन.

“कुणी नाही, आजी.”

“हाय की. पिवळं लुगडं नेसलीय.” मुक्ताबाईंच्या आवाजात भीती नव्हती. शेजारणीबद्दल सांगावं तसं त्या सांगत होत्या. “तुमचा कोट बी पिवळाच दिसायलाय आज. हळदीच्या पाण्यातून काढल्यावाणी.”

यशोधराच्या पाठीतून काहीतरी गार सरकत गेलं, आणि ते कमरेपर्यंत पोहोचायच्या आत तिला त्याचा अर्थही कळला. तो कळावा म्हणूनच तर तिला इथं नेमलं होतं. बीडमधल्या या खासगी रुग्णालयात ती क्लिनिकल फार्मासिस्ट होती. हृदयाची औषधं घेणाऱ्या पेशंटांना त्या औषधांनीच काही अपाय होत नाही ना, हे बघत वॉर्डातून फिरणं हे तिचं काम. पांढऱ्या कोटामुळे लोक तिला डॉक्टर समजत. दुरुस्त करून करून तिनं ते सोडून दिलं होतं. मुक्ताबाई गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याच्या. हृदय थकलेलं, पायांवर सूज, म्हणून त्यांना डिगॉक्सिनची गोळी चालू होती. ही गोळी थकलेल्या हृदयाला बळ देते, त्याची उगाचची धावपळ थांबवते. पण तिचं उपयोगाचं प्रमाण आणि घाताचं प्रमाण अगदी अंगाला अंग लावून असतात. माणूस म्हातारं असलं, मूत्रपिंडं दमलेली असली, त्यात खोकल्यासाठी एखादं अँटिबायोटिक वरून चालू झालं, की गोळी शरीराबाहेर जात नाही, आतच साठत राहते. मग अन्न नकोसं होतं, मळमळतं, नाडी मंदावते आणि काहींना सगळं जग पिवळं दिसू लागतं. क्वचित कुणाला नसलेली माणसंही दिसतात. म्हणून ही गोळी चालू असलेल्या प्रत्येकाला यशोधरा रोज विचारायची: पिवळं दिसतं का? बायका हसायच्या. माणसं म्हणायची, कावीळ झालीय का बघता का काय. ‘हो’ आजवर कुणीच म्हणालं नव्हतं. पुस्तकात वाचलेलं हे लक्षण तिच्या मनात एखाद्या न पाहिलेल्या गावासारखं होतं, नाव ठाऊक, रस्ता ठाऊक, आणि आज कुणीतरी त्या गावाहून येऊन समोर बसलं होतं.

काय करायचं हे ठरलेलं होतं. खाली ओपीडीत डॉ. घोळवे बसलेले असतील, त्यांना आत्ताच्या आत्ता सांगायचं. गोळी बंद, मुक्ताबाईंना खोकल्यासाठी चालू केलेलं अँटिबायोटिक बंद, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, पेशंटला मॉनिटरवर घ्यायचं. रक्तातल्या डिगॉक्सिनची तपासणी संभाजीनगरला जाते, तिचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, म्हणून त्याची वाट बघायची नाही, हा नियम तर यशोधरानंच बैठकीत मांडून करून घेतला होता. ती उठली. कोटाच्या खिशात पेन ठेवलं. आणि मुक्ताबाई उशीवर मान कलती करून, स्टुलाकडे बघत म्हणाल्या, “लई बोलायली बाई ही. दम म्हणून खाईना.”

यशोधरा उभी होती तिथंच थांबली.

तिची आई, साखराबाई, शेवटचं वर्ष बोलली नव्हती. म्हणजे बोलायची, पण एकच शब्द. आईचं हृदयही असंच उड्या मारत चालायचं. गावी, दिंद्रुडात, असताना कुणी ते कधी ऐकलंच नाही. एका सकाळी त्या हृदयात रक्ताची गुठळी झाली, मेंदूत जाऊन बसली, आईचा उजवा हात गेला आणि सगळे शब्द गेले. पुरानंतर नदीच्या पात्रात एखादी चप्पल उरावी तसा एकच शब्द उरला: शनिवार. पाणी हवं असलं की शनिवार. पाठ दुखली की शनिवार. यशोधरा पुण्यातली कंपनीतली नोकरी सोडून आली त्या दिवशी आईनं डाव्या हातानं तिचा चेहरा चाचपला आणि रडत रडत म्हणाली, शनिवार, शनिवार. का शनिवारच, हे कुणालाच सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं. वाचा जाताना जो शब्द हाताशी असतो तोच राहतो. यशोधरा त्या शब्दाच्या चढउतारांवरून अर्थ लावायला शिकली होती. हा भुकेचा, हा रागाचा, हा ‘खिडकी लाव’चा. पण पुष्कळदा आई लांबलचक काही सांगू बघायची. शब्द एकच, पण वाक्य लांब, हात हलायचे, भुवया वर जायच्या, मध्येच ती स्वतःशी हसायची, आणि शेवटी लेकीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही हे बघून गप्प व्हायची. ते गप्प होणं यशोधराच्या अंगात अजून होतं. पायात मोडलेला काटा आत मुरून जातो, दुखत नाही, पण पाय टेकताना नेमका कळतो, तसं. आई मुळात फार बोलकी. विहिरीवर तिची घागर सगळ्यांत शेवटी भरायची. “दम खा जरा,” असं बापू, म्हणजे यशोधराचे वडील आबासाहेब, तिला आयुष्यभर म्हणत आले होते.

“काय बोलतेय ती?” यशोधरानं विचारलं. विचारताना तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला.

“घरचंच. शेतातलं. कुणाला तरी नावं ठेवायली.” मुक्ताबाई हसल्या. “कोण हाय हो ही? तुमच्यावाणीच हाय तोंडानं.”

यशोधरा खाटेच्या कडेला बसली. स्टुलावर बसणं तिच्या मनातही आलं नाही. तिनं पुन्हा वळून बघितलं नाही. वळलं की तिथं काही नसणार हे तिला पक्कं माहीत होतं. ते पुन्हा एकदा माहीत करून घ्यायची तिची तयारी नव्हती.

बबिता सिस्टर ट्रे घेऊन जाता जाता थांबली. “मॅडम, काही लागतंय का?”

“नाही,” यशोधरा म्हणाली. मग जरा थांबून, “यांचं रक्त पाठवायचंय. पोटॅशियम, क्रिएटिनिन. आणि डिगॉक्सिन लेव्हल. पुढची गोळी मला विचारल्याशिवाय देऊ नका.”

“सरांना सांगू का?”

“मी सांगते.”

पुढची गोळी उद्या सकाळची होती. म्हणजे ही सूचना देऊन आज काहीच बदलत नव्हतं, आणि तरीही काहीतरी केल्यासारखं दिसत होतं. हे तिला बोलतानाच कळलं. रक्त जाऊ दे, रिपोर्ट येऊ दे, मग एकदमच सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि ते वाक्य तिच्याच नियमाच्या विरुद्ध आहे हे दिसत असताना म्हटलं. मनाचा एक भाग नेहमीसारखा पांढऱ्या कोटात उभा होता, हातात पेन घेऊन. दुसरा भाग खाटेच्या कडेवर बसून राहिला होता, बाजाराच्या गर्दीत आईचा पदर सुटलेलं पोर जसं जिथल्या तिथं उभं राहतं, हललं तर सापडणार नाही म्हणून.

दुपारपर्यंत ती बाकीच्या वॉर्डात फिरली. नेहमीचे प्रश्न विचारले, चक्कर येते का, काळी शी होते का, हिरड्यांतून रक्त येतं का. उत्तरं तिच्या कानांवरून गेली. जिन्यात डॉ. घोळवे समोरून आले, फोनवर बोलत होते, त्यांनी भुवया उंचावून ‘सगळं ठीक?’ असं विचारलं आणि तिनं मान डोलावली. ती मान डोलावणं त्यानंतर किती तरी दिवस ती मनात उलटं फिरवून बघणार होती, मान आडवी हलली असती तर, एवढ्याशा अंतरानं. पण त्या क्षणी तिला फक्त सुटका झाल्यासारखं वाटलं. कँटीनमध्ये तिनं चहा घेतला. बाहेर रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याचा धुरळा उन्हात उभा राहिला, आणि तो पिवळा होता. धुरळा पिवळाच असतो. काचेच्या बरणीतली बिस्किटं पिवळी होती, भिंतीचा ऑइलपेंट पिवळा होता. आजवर हे सगळं इतकं पिवळं होतं आणि आपण रोज या जगातून चालत जात होतो, असं तिला वाटलं, आणि चहा अर्धा टाकून ती उठली.

मुक्ताबाईंचा मुलगा तानाजी जेवायला बाहेर गेला होता. डब्यातली भाकरी तशीच होती. “खाल्लं नाही?” यशोधरानं विचारलं.

“जात न्हाई,” मुक्ताबाई म्हणाल्या. ओठ कोरडे पडले होते. उशाखाली टॉवेलचा बोळा दडवलेला यशोधराला दिसला, पण तिनं तो ओढून पाहिला नाही. वॉर्डात दुपारची पेंग होती. नातेवाईक खाटांखाली आडवे झाले होते. कुठून तरी भाजलेल्या मिसरीचा वास आला. वॉर्डातल्या निम्म्या बायका मिसरी लावायच्या. साखराबाईही लावायची. यशोधरा खाटेच्या कडेला बसली, पाठ स्टुलाकडे, आणि मुक्ताबाईंचं मनगट तिनं हातात घेतलं. नाडी सकाळपेक्षा मंद होती. दोन ठोक्यांच्या मध्ये आता एखादं माणूस उभं राहू शकेल एवढी जागा होती.

“आहे का ती?” तिनं हळूच विचारलं.

“हाय. आता तुमच्या खांद्यावरनं बघायली.”

यशोधराच्या मानेवरचे केस उभे राहिले. मागून श्वास लागतोय असं वाटलं. पंखा फिरत होता, पंख्याचाच वारा. “कुठली आहे म्हणते?”

“दिंद्रुडची म्हणती.”

यशोधरानं स्वतःच पहिल्या दिवशी त्यांना आपलं गाव सांगितलं होतं. मुक्ताबाईंनी विचारलं होतं, कुठल्या तुमी, आणि मग ते नेहमीचं, दिंद्रुडात कुणाच्या? ‘वडमारे’ म्हटल्यावर, आडनावावरून जात ओळखून, त्या नुसतं ‘बरं’ म्हणाल्या होत्या, आणि नंतर आपणहून तिच्या हातनं पाणी मागून प्यायल्या होत्या. म्हणजे हे गाव मुक्ताबाईंच्या डोक्यात यशोधरानंच ठेवलेलं. हे तिला समजत होतं. एखाद्या पोटलीत आपणच बांधून दिलेलं आपल्यालाच परत मिळत होतं, आणि तरी ती हात पुढं करून बसली होती.

“अजून काय म्हणते?”

मुक्ताबाईंनी डोळे बारीक केले, लांबचं ऐकू यावं तसे. “शनिवार म्हणती. शनिवारी जायचंय म्हणती.”

सकाळी राऊंडला डॉ. घोळवे म्हणाले होते, सूज उतरली की शनिवारी घरी सोडू. वॉर्डातल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं. यशोधरानंही. ही आठवण तिला आली, नीट आली, शब्दासकट आली, आणि तिचा काहीएक उपयोग झाला नाही. तिच्या छातीत काहीतरी उघडलं. इतक्या वर्षांनी तो शब्द दुसऱ्या तोंडातून, दुसऱ्या शब्दांच्या सोबतीनं आला होता. जायचंय. म्हणती. तो शब्द आता एकटा नव्हता. ती पुढं झुकली. मुक्ताबाईंचं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं की बोटांखालची कातडी पांढरी पडली.

“तिला विचारा,” ती म्हणाली, “काय सांगायचं होतं तिला? तेव्हा. मला कळत नव्हतं. आता सांगू दे.”

“तुमच्याकडं बघून म्हणती…” मुक्ताबाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

एक ठोका लागला. यशोधरा वाट बघत राहिली. मुक्ताबाईंचे ओठ अर्धवट उघडे होते, डोळे तिच्या खांद्यापलीकडे. पंखा फिरत होता. वॉर्डात कुणाच्या तरी फोनवर भजन लागलं होतं, ते बंद झालं. बोटांखाली काही नव्हतं. आणि मग यशोधराला कळलं, की आपण पुढच्या ठोक्याची वाट बघत नाही आहोत. पुढच्या शब्दाची बघतोय. म्हातारीचं हृदय थांबलंय आणि आपण ऐकायला बसलोय. हे कळणं एखाद्या खोल विहिरीत पाय घसरल्यासारखं होतं; आत पाणी होतं, ते दिसतही होतं, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्या पाण्यात उतरावं असंच तिला वाटलं.

“सिस्टर,” ती म्हणाली. आवाज निघाला नाही. दुसऱ्यांदा निघाला.

पुढचं सगळं भरभर झालं, आणि त्यातलं बरंचसं तिच्याच हातांनी केलं. मुक्ताबाईंची मान कलंडली होती, मग एक ठोका आला, मग पुन्हा बराच वेळ काही नाही, मग दोन. बबितानं खाट सपाट केली. यशोधरानं नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन काढून दिलं. डॉ. घोळवे जिना धावत चढून आले. मॉनिटरवरची हिरवी रेघ लांबच लांब पडून राहायची आणि मध्येच दचकल्यासारखी उठायची. खाट आयसीयूत नेली. उशाखालचा टॉवेल खाली पडला; तो उलटीनं भिजलेला होता. तानाजी भाजीची पिशवी हातात घेऊन दारात उभा होता आणि त्याला आत कुणी घेत नव्हतं. संध्याकाळ व्हायच्या आधी नाडी परत आली, दुबळी, पण आपल्या जुन्या आडव्यातिडव्या चालीनं, आणि ती चाल ऐकून डॉ. घोळव्यांनी खुर्चीत अंग टाकलं.

“डिगॉक्सिन,” ते म्हणाले. “त्या अँटिबायोटिकनं चढलं. पोटॅशियम पण खाली आहे. बरं झालं, तुम्ही जवळ होतात.”

“मला सकाळीच कळलं होतं, सर.”

त्यांनी वर बघितलं.

“पिवळं दिसतंय म्हणाल्या होत्या. माणसंही दिसत होती. मी सांगितलं नाही.”

“रिपोर्टची वाट बघत बसलात? आपणच ठरवलंय ना, की…”

“रिपोर्टची नाही. त्या काय बोलतायत ते ऐकत बसले होते.”

डॉ. घोळवे भला माणूस. त्याला यातला चांगला अर्थ सापडला. “पेशंटचं ऐकायलाच पाहिजे,” ते म्हणाले. “पण आधी मला फोन करत जा.” आणि ते हात धुवायला गेले. यशोधरा तिथंच उभी राहिली. तिनं खरं सांगितलं होतं, शब्दन् शब्द, आणि समोरच्यापर्यंत दुसरंच काही पोहोचलं होतं. आईच्या वाक्यांचं असंच होत असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं तो विचार लगेच बाजूला सारला, कारण त्याला बसायला जागा दिली तर तो उठणार नव्हता.

तानाजीला मात्र तिनं दुसऱ्या वाटेनं सांगितलं. “तुमी होता म्हणून आई वाचली, मॅडम,” म्हणत तो हात जोडायला लागला, तेव्हा तिनं त्याचे हात खाली केले. “तानाजीराव, मला सकाळी कळलं होतं. मी सकाळीच डॉक्टरांना सांगायला पाहिजे होतं. मी उशीर केला.”

तो तिच्याकडे बघत राहिला. उन्हानं रापलेला, साधासरळ चेहरा. “कावून?” त्यानं विचारलं. रागानं नव्हे.

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते त्याला देण्याजोगं नव्हतं. “चुकले,” ती म्हणाली.

“आता बरी हाय न्हवं?”

“हो.”

“मग आमी काय म्हणावं,” तो म्हणाला. पण त्यानंतर यशोधरा आली की तो बाहेर जाईनासा झाला. आईच्या उशाशी उभा राहायचा, यशोधरा जाईपर्यंत. तिला ते बरोबर वाटायचं.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं बापूंना विचारलं होतं, “आईकडं पिवळं लुगडं होतं का हो?” बापू अंगणात लखलखीत घासलेला तांब्या पालथा घालत होते. आई गेल्यापासून ते तिच्याबद्दल फारसं बोलत नसत, जणू तिचं नावही बेतानं वापरायचं होतं. “पिवळं?” ते म्हणाले. “न्हाई बा. पिवळं तिला सोसायचं न्हाई. विहारात वंदनेला नेसायचं पांढरं होतं तेवढं. तेच नेसवलंवतं शेवटी.” यशोधरा उंबऱ्यात बसली. पांढरं. मुक्ताबाईंच्या डोळ्यांना त्या दिवशी पांढरं पिवळंच दिसणार होतं. तिचा कोट पांढरा होता, आणि मुक्ताबाईंना तो पिवळा दिसला होता. कपाटाच्या चकचकीत पत्र्यात तिचंच पाठमोरं प्रतिबिंब पडलं असेल, पांढऱ्या कोटातलं. ते पिवळं झालं असेल. आजारी डोळ्यांनी त्याला स्टुलावर बसवलं असेल. सगळं जुळत होतं. फक्त जो पाठमोरा आहे तो खांद्यावरून कसा बघेल, एवढं जुळत नव्हतं, आणि ते जुळवायचा प्रयत्न करता करता दिवस मावळला, बापूंनी दिवा लावला आणि दोघांनी भाकरी खाल्ली.

मुक्ताबाई पुन्हा वॉर्डात आल्या तेव्हा त्यांची जीभ सुटली होती, भूक लागत होती, भिंत भिंतीच्या रंगाची दिसत होती. संभाजीनगरहून रिपोर्ट आला. आकडा जितका वाईट असायला हवा होता तितका होता. घरी जायच्या सकाळी यशोधरा त्यांना नव्या गोळ्या समजावून सांगायला आली. तानाजी गाडी बघायला खाली गेला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो उशाशी नव्हता. तिनं गोळ्या सांगितल्या, कुठली सकाळी, कुठली जेवणानंतर, काय झालं की लगेच यायचं. मग पाकिटं पिशवीत भरत ती म्हणाली, “आजी, त्या दिवशी मला कळलं होतं तुम्हाला गोळी चढलीय ते. मी बसून राहिले.”

“मला म्हाईत हाय.”

यशोधराचे हात थांबले.

“उलट्या व्हायल्या होत्या मला,” मुक्ताबाई म्हणाल्या. “सिस्टरला सांगितल्या न्हाईत. टावेलात केल्या.”

“का? का नाही सांगितलं?”

मुक्ताबाईंनी पदर सारखा केला. त्यांची नजर यशोधराच्या चेहऱ्यावर होती, कुठंही पलीकडे नव्हती. “तुमी रोज येता. हात धरता, घड्याळ बघता, इचारता अन् जाता. समद्यांचंच असतं तसं. त्या दिवशी तुमी बसला.”

“मग ती बाई? ती होती का खरंच?”

“आता ते कसं सांगू, बाई,” मुक्ताबाई म्हणाल्या. “दिसत होतं तवा होतं.” थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, जणू कुणी ऐकेल म्हणून, त्यांनी विचारलं, “ती गोळी आता देणारच न्हाईत का मला? अर्धी बी न्हाई?”

“नाही,” यशोधरा म्हणाली. “अर्धीही नाही.”

मुक्ताबाईंनी मान हलवली. मग तानाजी आला, त्यानं पिशवी उचलली, आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं, आणि ती दोघं दारातून बाहेर गेली, म्हातारी हळूहळू, भिंतीला न धरता.

त्याच दिवशी पुरुषांच्या वॉर्डात नेकनूरचे परमेश्वर म्हणून एक जण दाखल झाले. पिकल्या मिशा, हृदय फुगलेलं, डिगॉक्सिन चालू. यशोधरानं नाडी मोजली. जेवण जातं का विचारलं. मळमळतं का विचारलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला, पिवळं दिसतं का, आणि विचारल्यावर तिला जाणवलं की आपण श्वास रोखून धरलाय.

“न्हाई बा,” परमेश्वर म्हणाले. “कावून दिसंल?”

तिनं श्वास सोडला. बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याच्या तळाशी, गाळासारखं, काहीतरी खाली बसलं. तिनं ते ओळखलं. ती निराशा होती. ती एकदाच येऊन जाणारी नव्हती. उद्या ती पुन्हा विचारेल, परवा विचारेल, शेकडो म्हाताऱ्यांना विचारेल, आणि प्रत्येक वेळी तिच्या आत कुणीतरी ‘हो’साठी कान देऊन बसलेलं असेल.

नर्सिंग स्टेशनवर बबिता औषधं लावत होती. यशोधरा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“सिस्टर, यापुढं डिगॉक्सिनवाल्यांकडं जाताना तुम्ही माझ्यासोबत या. मी प्रश्न विचारीन तेव्हा शेजारी उभ्या राहा. उत्तर तुम्हीही ऐका. कुणी ‘हो’ म्हणालं तर सरांना तुम्ही फोन करायचा. मला विचारायचं नाही.”

“कावून मॅडम?” बबितानं विचारलं. “तुमी तर असताच की तिथं.”

“मला ‘हो’ यावं असं वाटतं, म्हणून,” यशोधरा म्हणाली.

बबितानं हातातली स्ट्रिप खाली ठेवली. ती यशोधराकडे बघत राहिली, थोडी घाबरून, थोडी न समजून. मग काही न विचारता ती टेबलाला वळसा घालून आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.